वणवा लावतो कोण, विझवतो कोण?

दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने वनखाते आगीचा हंगाम म्हणून पाळते. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात. म्हणजे जंगलात ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून त्यातले गवत आणि पाला आपणच आधी जाळून टाकायचा. पुढे आग लागलीच, तर ती त्या पट्ट्यापाशी येऊन थांबावी. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतल्या आपल्या वाचकांना हे सांगायला नको. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी या जाळरेषांवर मजुरी केली आहे आणि रात्री-अपरात्री ओली डहाळी घेऊन आगीवर धावलेही आहेत. शहरातल्या वाचकांना मात्र वणवा भेटतो तो वर्तमानपत्रातल्या चार ओळींत. त्या चार ओळींचा शेवटही बहुधा ठरलेला असतो : मोहफुले वेचणाऱ्यांनी किंवा तेंदूपत्त्यासाठी कोणीतरी आग लावली असावी.

हे सगळे खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडच्या उन्हाळी वणव्यांत निसर्गाचा हात फारच थोडा असतो. बहुतेक आगी माणसाच्याच हातून लागतात, कधी मुद्दाम, कधी फेकलेल्या विडीच्या थोटकातून. पण माणूस आग का लावतो, हा प्रश्न त्या चार ओळींत कधी येत नाही.

एका उन्हाळ्यात आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावी मुक्कामाला होतो. मार्चचा शेवट होता. पहाटे चारला बायका टोपल्या घेऊन निघाल्या, आम्हीही मागोमाग गेलो. मोहाची फुले रात्री गळू लागतात, पहाटेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. झाडाखाली मात्र हातभर वाळका पाला. एक वयस्क बाई म्हणाली, "भाऊ, पाला बाजूले केल्याबिगर फूल दिसते का? झाडून काढायले सकाळ जाते, जाळायले दोन मिनिटं लागते. अन् पाल्यात साप हाये का आणखी काही हाये, ते बी समजत नाही." हे 'आणखी काही' म्हणजे वाघ. त्या भागात ते नाव कोणी पहाटे मोठ्याने घेत नाही.

तेंदूपत्त्याची गोष्ट वेगळी. तेंदूच्या लहान झुडपांना छाटणी केली की नवी, कोवळी, मोठी पाने येतात आणि विडीला तीच लागतात. छाटणीला मजूर लावावे लागतात, मजुरी द्यावी लागते. आग फुकट असते. जमीन जळाली की झुडपांना नवे फुटवे फुटतात, म्हणून पत्ता जिथे कंत्राटाने जातो तिथे काही कंत्राटदारांची माणसे आग लावून मोकळी होतात, ही तक्रार जुनी आहे. छाटणीची मजुरी वाचली कोणाची आणि आगीचे नाव आले कोणावर, हे वाचकांनीच पाहावे. पत्ता तोडणारी बाई सत्तर पानांचा एक पुडा बांधते. असे हजार पुडे झाले की एक गोणी भरते. हंगाम असतो काही आठवड्यांचा, आणि अनेक भूमिहीन घरांत शाळेची पुस्तके, औषधपाणी, पावसाळ्यातले धान्य याच पैशांवर येते.

आता जंगलाच्या दुसऱ्या दावेदाराकडे वळू, तो म्हणजे साग. चंद्रपूरचे सागवान नावाजलेले. २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनात वापरलेले सागवान नागपूरहून गेले. १९७४ साली महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात जंगलाकडे उत्पादनाच्या नजरेने पाहायला सांगितले. कमी किमतीचे मिश्र जंगल तोडा, तिथे साग लावा, असे त्या काळाचे धोरण होते. मिश्र जंगल कमी किमतीचे कोणाच्या हिशेबात? मोह, चारोळी, आवळा, बेहडा, तेंदू यांवर जगणाऱ्यांच्या हिशेबात तर नव्हे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने हा सूर बदलला. आधी पर्यावरणाचा समतोल आणि भोवतालच्या लोकांच्या गरजा, महसूल त्यानंतर, असे सरकारनेच लिहून ठेवले.

साग आणि आग यांचे नाते गमतीचे आहे. मोठ्या सागाला जमिनीवरची आग सहसा मारत नाही. रोपाचा शेंडा जळाला तरी मुळातून ते पुन्हा फुटते. पण वर्षानुवर्षे त्याच जागी आग आली, तर खोडाच्या बुंध्याला जखम होते, ती कुजते आणि झाड आतून पोकळ होते. लाकूड व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते झाड वाया गेले. विरळणीच्या वेळी वाकडी, पोकळ, रोगट झाडे आधी काढायची, हा वनशास्त्राचा साधा नियम.

इथे एक लहानसा पक्षी मध्ये येतो. त्याचे नाव रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला दिसला नव्हता, संपला असेच सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. नंतर मेळघाटातही दिसला. तो विरळ सागाच्या जंगलात राहतो, दिवसाढवळ्या सरडे आणि उंदीर पकडतो आणि घरटे करतो झाडाच्या ढोलीत. व्यापाऱ्याने बाद केलेले झाड हेच त्याचे घर. मग फॉरेस्टरने ते झाड काढावे की ठेवावे? आणि ढोलीच्या झाडाला मार्चमध्ये आग लागली, तर आतून धुराड्यासारखी पेटते आणि अख्खे झाड रात्रभर जळून कोसळते. म्हणजे आगीने ढोली होते आणि आगीनेच ती जाते. जंगलाचे प्रश्न कागदावर एका ओळीत का सुटत नाहीत, ते यातून ध्यानात यावे.

मग आग अजिबात लागूच द्यायची नाही, हे तरी बरोबर का? इंग्रजांना तसेच वाटले होते. १८६० च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्ण बंद ठेवण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि तो यशस्वी ठरवून सगळीकडे नेला. पण ब्रह्मदेशातल्या ओल्या सागवनांत आग बंद केल्यावर दाट झुडपे माजली, सागाची नवी रोपे येईनात. तिथल्या अधिकाऱ्यांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा हट्ट बऱ्याच अंशी सोडला. अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ साली नियम केला, की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. चाळीसेक वर्षांनी त्यांनाही तो सोडावा लागला, कारण न जळलेला पालापाचोळा साठत गेला आणि पुढच्या आगी आणखी मोठ्या होत गेल्या. थंडीत, दव असताना, थोड्या जागेत हाताबरोबर लावलेली आग आणि एप्रिलच्या वाऱ्यावर सुटलेला वणवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वणव्यात जमिनीवरची घरटी, सरडे, कासवे, कोवळी रोपे सगळे एकदम जाते. हा फरक जंगलात राहणाऱ्यांना कोणी शिकवावा लागत नाही. तरीही कायद्याने त्यांना आगीचे जाणकार कधी मानले नाही, आरोपी मात्र मानले.

भारतीय वन अधिनियम, १९२७ हा अजूनही चालू असलेला कायदा पाहा. त्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे, ते योग्यच. पण त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे, की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सगळेच हक्क काही काळ स्थगित करू शकते. लावली एकाने, शिक्षा अख्ख्या गावाला. कलम ७९ सांगते, की वनात हक्क किंवा परवानगी असलेल्या माणसाने आग विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. ते कलम मजुरीबद्दल गप्प आहे. हुकूम आला की कामधाम सोडून फुकट राबायचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

तिसरा दावेदार वाघ. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. ताडोबातच सगळे मावत नाहीत. ब्रह्मपुरीच्या बाजूला ते अभयारण्याबाहेर, गावांना लागून राहतात. माणसे मरतात ती बहुतेक सरपण, मोह, तेंदू यांच्या कामात, वाकलेली असताना. त्यात बायका अनेक. वाघाला जागा हवी म्हणून अभयारण्ये वाढतात. चंद्रपूर जिल्ह्यात २०२१ साली कन्हारगाव अभयारण्य झाले, सुमारे २६९ चौरस किलोमीटरचे, आणि त्यातला मोठा भाग वन विकास महामंडळाकडे होता. वाघासाठी ते चांगले झाले असे आम्हालाही वाटते. पण तोड थांबली की तोडीवरचा मजूरही थांबतो, त्याला पर्यायी काम कोणते? शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली, पडलेली झाडे आणि गवत काढण्यासही बंदी घातली. कीटकांना, पक्ष्यांना ते हवेच असते. पण पडलेले वाळके लाकूड आणि उंच गवत हे आगीचेही सरपण असते. म्हणजे अशा जागी राखणीला माणसे जास्त हवीत, आणि ती पूर्ण मजुरी देऊन ठेवलेली हवीत.

हे तीन दावे एका जागी बसवता येतात का? कार्यालयातून बसवलेले आम्ही फारसे पाहिले नाहीत. गावाने बसवलेले मात्र एक उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव. या लहानशा गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली २०१२ साली १००६ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू हे गौण वनोपज आहे, म्हणून ग्रामसभा स्वतः बांबू तोडून विकू लागली. गावात काम आले, हातात पैसा आला. त्यानंतर त्यांनी तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. छाटणीने झाडे खराब होतात, आगी लागतात, आणि तेंदूची फळे पाखरांना व माणसांना मिळत नाहीत, अशी त्यांची कारणे. काही जंगल त्यांनी न तोडता राखून ठेवले. खात्याने दंड करून जे जमले नाही, ते गावाने आपली कमाई सोडून केले. ती सोडता आली, कारण दुसरी कमाई हाती होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली असाच हक्क मिळवून बांबूची वाट आधीच मोकळी केली होती.

आपल्या समाजातल्या वाचकांसाठी यात एक अडचण आहे, ती स्पष्टच सांगतो. हा कायदा आदिवासींबरोबर इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क देतो. पण आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथल्या वनावर अवलंबून राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आज्याच्या नावावर सातबारा नव्हता, शाळेचा दाखला नव्हता, त्यांनी कागद आणायचा कुठून? नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. दावा फेटाळला म्हणून गप्प बसू नये, ते निवेदन जोडून अपील करावे. शेतजमिनीचा वैयक्तिक दावा अडला, तरी सामूहिक हक्क ग्रामसभेच्या नावे मागायचा असतो, आणि ग्रामसभेत आपण प्रौढ म्हणून सगळे सभासद आहोतच. या सभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. तेव्हा मोह वेचणाऱ्या बायकांनी घरी थांबू नये.

आगीच्या हंगामाआधीची ग्रामसभा २६ जानेवारीला असते. तिच्यासमोर चार गोष्टी लेखी ठेवता येतील : जाळरेषेचे आणि आग राखणीचे काम गावातल्याच माणसांना, ठरलेल्या मजुरीने, तेंदूची छाटणी हातानेच करण्याची अट, आणि पत्ता कंत्राटाने जात असेल तर ती करारात घालणे, ढोलीची जुनी झाडे खुणा करून राखणे, आणि मोहाच्या झाडाखाली अंथरायला जाळ्या. जाळी अंथरली की फुले तिच्यावर पडतात, पाला जाळावा लागत नाही. मध्य भारतात काही ठिकाणी हे करून पाहिले आहे. आम्ही त्या बाईंना जाळीचे सांगितले, तेव्हा त्यांनी आधी विचारले, "एका झाडाले किती लागन?" मग बोटांवर मोजून म्हणाल्या, "माहे झाडं सात हायेत."