फोनची शिदोरी

कपाशीला, हरभऱ्याला ओलीत करायचे असते. पंपाची वीज अजून पुष्कळ ठिकाणी रात्रीची येते. मग कास्तकार रात्री वावरात जातो. अंधार असतो, विंचूकाटा असतो, रोही आणि रानडुकरे असतात. उजेडासाठी फोन, घरच्या निरोपासाठीही फोनच. आणि नेमका मध्यरात्री तो फोन बंद पडतो.

दिवसाही फोन लागतोच. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद आपण स्वतः फोनवरून करायची. ती घरी बसून होत नाही. वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस देण्यासाठीही 'कपास किसान' या अॅपवर नोंदणी करावी लागली. फोन मेला की काम अडले.

पावसाळ्यात तर जिवाशी गाठ. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा दिला. माणसे अडकून पडली. हवाई दलाची मदत मागावी लागली. अशा पावसात गावची वीज जाते. तेव्हा मदत मागायची कशावरून? फोनवरूनच ना?

म्हणून प्रवासाला निघताना आपण भाकरी बांधून घेतो, तशी फोनसाठीही शिदोरी मिळते. तिला पॉवर बँक म्हणतात. ही तळहाताएवढी पेटी असते. घरी वीज असताना ती भरून ठेवायची. मग वावरात वायर लावून तिच्यातली वीज फोनमध्ये घ्यायची.

नाव बँक असले, तरी या बँकेत व्याज मिळत नाही. उलट ठेवीतून काही कापूनच हाती येते. किती कापले जाते, ते दुकानदार सहसा सांगत नाही. ते आपण समजून घेऊ.

पेटीवर मोठ्या अक्षरांत १०००० असा आकडा असतो. पुढे एमएएच लिहिलेले असते. रांजणात पाणी किती मावते, तसा हा विजेचा आकडा समजा. आपल्या फोनच्या बॅटरीवरही असा आकडा असतो. आजच्या बऱ्याच फोनमध्ये तो ५००० च्या आसपास आहे. मग आपण हिशेब करतो, पाच दुणे दहा. म्हणजे फोन दोनदा भरेल.

तसे होत नाही. पेटीच्या आतल्या बॅटरीचा दाब असतो सुमारे ३.७ व्होल्ट. वायरीतून फोनकडे वीज जाते ती ५ व्होल्टने. विहिरीतले पाणी वरच्या टाकीत चढवायचे, तर पंपाला जोर लावावा लागतो. तसाच दाब चढवताना विजेचा आकडा कमी होतो. शिवाय थोडी वीज उष्णता होऊन जाते. पेटी गरम लागते, ती त्यामुळेच. शेवटी १०००० मधले ६००० ते ६५०० फोनच्या वाट्याला येतात. म्हणजे फोन एकदा पुरता भरेल आणि वर थोडे उरेल.

ही काही लबाडी नव्हे. चांगल्या पेटीवर हा खरा आकडाही छापलेला असतो, पण बारीक अक्षरांत. त्याच्यापुढे 'रेटेड कपॅसिटी' असे इंग्रजीत लिहिलेले असते. दुकानात तोच आकडा शोधा. वाचता आला नाही तर शाळकरी पोराला सोबत न्या, पण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

एका माणसाच्या एका रात्रीला १०००० ची पेटी पुरे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात दोन-तीन फोन असतात. त्यांनी २०००० ची घ्यावी. पण ती जड असते आणि भरायलाही दुप्पट वेळ घेते. साध्या १० वॅटच्या चार्जरवर १०००० ची पेटी भरायला चार-पाच तास लागतात. आपल्या गावी वीज सलग किती वेळ टिकते, ते पाहून ठरवा.

काही पेट्यांच्या पाठीवर सूर्यावर चालणारी छोटी पाटी असते. ती पाहून माणूस भुलतो. वावरात ऊन फुकट आहे, मग काय हवे! पण पाटी तळहाताएवढी. ती फार तर एक-दीड वॅट देते. एवढ्यावर पेटी भरायला पंचवीस तासांहून जास्त कडक ऊन लागेल, म्हणजे चार-पाच दिवस. आणि तेवढे ऊन खाऊन आतली बॅटरीच खराब होईल. त्या पाटीसाठी जादा पैसे देऊ नयेत.

आता नकली मालाविषयी. बाजारात चादरीवर ढीग लावून स्वस्तात पेट्या विकतात. आकडा २०००० चा, आत काय ते देव जाणे. वजन वाढवायला वाळू भरलेल्या पेट्याही सापडल्या आहेत. तेव्हा हातात तोलून भागत नाही. आपल्या देशात पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असावीच लागते. खुणेजवळ इंग्रजी आर हे अक्षर आणि पुढे नंबर असतो. ब्यूरोचे 'बीआयएस केअर' नावाचे अॅप आहे. त्यात तो नंबर घातला की कंपनीचे नाव दिसते. नाव जुळले नाही तर पेटी परत ठेवा. पावती मात्र मागून घ्याच. पावतीवाचून हमी नाही.

पेटी घेण्याआधी एक फुकटचा उपायही करून पाहा. टेकडीआड रेंज नसते तेव्हा फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि लवकर उतरतो. तेवढा वेळ त्याला विमानाच्या चिन्हावर ठेवा. जुना बटणांचा फोन घरात असेल तर मोडीत घालू नका. नुसत्या बोलण्यासाठी तो दोन-तीन दिवस सहज चालतो. काहींचे काम तेवढ्यावरही भागेल.

या बॅटरीत लिथियम असते. तिला आग आणि पाणी दोन्हीचे वावडे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी पेटी टिनावर, गाडीच्या सीटवर किंवा धुऱ्यावर उन्हात ठेवू नये. भरायला लावताना गादीवर, कापसाच्या ढिगाजवळ मुळीच ठेवू नका. फरशीवर ठेवा. पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. भिजली तर पुन्हा वापरू नका.

पेटी फुगली, पोट आले, की ती संपली समजा. तिला टोचू नका, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका, पोरांना खेळायला देऊ नका. घराबाहेर कोरड्या जागी वेगळी ठेवा आणि तालुक्याला जाल तेव्हा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्या.