फितीतला आजा

सत्याग्रहाच्या ग्रंथांत पुढाऱ्यांची भाषणे आहेत. पोलादपूरच्या खेड्यातून चवदार तळ्यावर पायी कोण गेले, ते मात्र आमच्या एका व्हीएचएस कॅसेटमध्ये आहे. १९९१ च्या जन्मशताब्दीच्या सभेत माझा आजा बोलला. १९२७ साली तो दहा वर्षांचा होता.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडात शिरले. कॅसेट फडताळाच्या वरच्या खणात होती म्हणून भिजली नाही, पण ओलीने फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली. अशी फीत थेट व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडवर बसते, तिथून दुसऱ्या कॅसेटला लागते. मी आधी ती कोरडी होऊ दिली, मग तोंडाला फडके बांधून, हाताने फिरवत, मऊ कापडाने पुसली. दोन संध्याकाळी गेल्या. (आपले पदवीधर कागद जपतात, कॅसेट मात्र लग्नाची समजून माळ्यावर टाकतात.)

पुढचे सोपे. पिवळी तार चित्राची, पांढरी-तांबडी आवाजाची. ती कॅप्चर यंत्रातून संगणकाला जोडायची. पद्धत ‘पाल’ निवडावी, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. अडचण व्हीसीआरची, २०१६ मध्ये शेवटच्या कंपनीनेही तो बनवणे थांबवले.

एक नक्कल महाडात ठेवली, दुसरी पोलादपुरात, चढावरच्या घरी. आजा तळ्याच्या पायऱ्यांचे सांगू लागतो, तिथे अकरा सेकंद आवाज गेला आहे.