ब्रिटनमधील स्थलांतरित विद्यार्थी व माध्यमिक शिक्षण
दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रकुलातील देशांतून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांचे माध्यमिक शिक्षण व त्यातून उद्भवलेले प्रश्न. १९४८ पासून कॅरिबियन बेटांतून आणि पाठोपाठ पंजाब, गुजरात, मिरपूर, सिल्हेट या भागांतून कामगार लंडन, बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, लेस्टर इ. शहरांत येऊ लागले. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित अधिनियमाने कामगारांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. मात्र पत्नी व मुले यांना आणण्याची मुभा राहिली. त्यामुळे शाळांत दाखल होणाऱ्या मुलांची संख्या वाढली. युगांडातून १९७२ मध्ये हद्दपार झालेल्या आशियाई लोकांपैकी सु. २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. त्यांत शाळकरी मुलेही पुष्कळ होती.

प्राथमिक शाळेत येणारे मूल खेळता-बोलता भाषा आत्मसात करते. माध्यमिक शाळेत मात्र इतिहास, विज्ञान, गणित हे सर्वच विषय इंग्रजीच्या द्वारा शिकावे लागतात आणि सोळाव्या वर्षीची सार्वजनिक परीक्षा जवळ आलेली असते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ञ जिम कमिन्स यांनी दाखविल्याप्रमाणे नित्याच्या संभाषणापुरती दुसरी भाषा सु. दोन वर्षांत येते. परंतु विषयांच्या अध्ययनास लागणाऱ्या भाषेत समवयस्कांची बरोबरी करण्यास पाच ते सात वर्षे लागतात. चौदाव्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याला एवढा अवधी मिळत नाही. तो अस्खलित बोलत असल्यामुळे त्याची खरी अडचण शिक्षकांच्या लक्षात येत नाही व अपयशाचे खापर त्याच्या बुद्धीवर फोडले जाते.

शासनाचे आरंभीचे धोरण विलीनीकरणाचे होते. कोणत्याही शाळेत स्थलांतरित मुलांचे प्रमाण सु. एक-तृतीयांशाहून अधिक असू नये, असे शिक्षण व विज्ञान विभागाच्या १९६५ च्या परिपत्रकात सुचविण्यात आले. त्यानुसार साउथॉल, ब्रॅडफर्ड इ. ठिकाणच्या मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्यात येई. प्रवासाचा भार केवळ याच मुलांवर पडल्याने या पद्धतीवर टीका झाली व पुढे ती बंद पडली. १९६६ च्या स्थानिक शासन अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये जादा शिक्षकांसाठी अनुदान मिळू लागले. अनेक ठिकाणी नवागतांसाठी स्वतंत्र भाषाकेंद्रे निघाली. तथापि तेथील विद्यार्थी नेहमीच्या वर्गांपासून व अभ्यासक्रमापासून वंचित राहत. कॅल्डरडेल येथील अशा व्यवस्थेमुळे अप्रत्यक्ष भेदभाव होतो, असा निष्कर्ष वांशिक समता आयोगाने १९८६ मध्ये काढला.

सर्वांत गंभीर प्रश्न वर्गीकरणाचा होता. बुद्धिमापन-कसोट्या इंग्रजी भाषा व ब्रिटिश जीवन यांवर आधारलेल्या असल्याने अनेक मुले ‘शैक्षणिक दृष्ट्या न्यूनक्षम’ ठरून खास शाळांत धाडली गेली. लंडनच्या अंतर्भागात १९६७ मध्ये अशा शाळांतील सु. २८ टक्के विद्यार्थी स्थलांतरित होते; सर्वसाधारण शाळांत हेच प्रमाण सु. १५ टक्के होते. ग्रेनेडातून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मधील पुस्तिकेत हा अन्याय चव्हाट्यावर आणला. कॅरिबियन मुलांची बोली ही अशुद्ध इंग्रजी समजली जाई. त्यामुळे त्यांना भाषाशिक्षणाचे साहाय्यही क्वचितच मिळे. वेषभूषेवरूनही तंटे झाले. पगडी न उतरविल्यामुळे एका शीख मुलाला खाजगी शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा शीख हा वांशिक गट असून त्यास १९७६ च्या वंशसंबंध अधिनियमाचे संरक्षण आहे, असा निर्णय लॉर्ड्‌सच्या सभागृहाने १९८३ मध्ये दिला.

शासनाने नेमलेल्या समितीने अँथनी रॅम्प्टन यांच्या अध्यक्षतेखाली १९८१ मध्ये अंतरिम व लॉर्ड स्वान यांच्या अध्यक्षतेखाली १९८५ मध्ये अंतिम अहवाल सादर केला. पाहणी केलेल्या क्षेत्रांत शालान्त परीक्षांत पाच वा अधिक विषयांत वरच्या श्रेणी मिळविणाऱ्यांचे प्रमाण १९७८-७९ मध्ये वेस्ट इंडियन विद्यार्थ्यांत ३ टक्के, आशियाई विद्यार्थ्यांत १८ टक्के व इतरांत १६ टक्के होते. १९८१-८२ मध्ये ते अनुक्रमे ६, १७ व १९ टक्के झाले. या तफावतीचे मूळ उपजत बुद्धीत नसून सामाजिक-आर्थिक वंचना, वंशभेद आणि शिक्षकांच्या अल्प अपेक्षा यांत आहे, असे प्रतिपादन स्वान अहवालात आढळते. इंग्रजी शिकविण्याचे काम नेहमीच्या वर्गातच व्हावे, अशीही त्यात शिफारस होती.

‘आशियाई’ या एका शब्दाखाली मात्र मोठे भेद झाकले गेले. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सुशिक्षित, व्यापारी कुटुंबांतील मुले पुढे गेली. सिल्हेटच्या ग्रामीण भागातून उशिरा आलेली बांगला देशी मुले फार मागे राहिली. पुढे पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्‌स भागात या मुलांची लक्षणीय प्रगती झाली आणि २०१० नंतरच्या दशकात बांगला देशी विद्यार्थ्यांचे परीक्षेतील यश राष्ट्रीय सरासरीहून वरचढ ठरले. कॅरिबियन वंशाच्या विद्यार्थ्यांची पिछाडी मात्र पूर्णतः दूर झाली नाही.

घरी अन्य भाषा बोलणारे विद्यार्थी एकंदरीत सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत इतरांच्या जवळपास बरोबरीने उतरतात. परंतु या सरासरीत ब्रिटनमध्येच जन्मलेली मुलेही मोडतात. परीक्षेच्या एक-दोन वर्षे आधी परदेशांतून येणारे विद्यार्थी आजही बरेच मागे पडतात. म्हणून विद्यार्थ्याचे मूळ राष्ट्र कोणते, यापेक्षा तो कोणत्या वयात आला व त्याला अध्ययनासाठी किती वर्षे मिळाली, हे प्रश्न शिक्षणयोजनेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरतात.