वर्गातली कादंबरी (भाग ५) : हकने फाडलेलं पत्र

गेल्या आठवड्यात ‘द स्कार्लेट लेटर’ पाहिली. तिथे धर्माचा जाच गावाकडून होतो. मार्क ट्वेनच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’मध्ये तो हक या पोराच्या मनातच घर करून बसलाय, म्हणून हायस्कूलच्या मुलांना ती जास्त भिडते.

सगळं पुस्तक वेळेत बसत नसेल, तर एकतिसावं प्रकरण तरी सावकाश वाचून घ्यावं. पळालेला गुलाम जिम याला एका भामट्याने चाळीस डॉलरला विकलंय. त्याला पळायला मदत करणारे नरकात जातात, हे हकच्या मनावर पक्कं बिंबलेलं. तो गुडघे टेकतो, पण प्रार्थना ओठांवर येत नाही. मग जिमची मालकीण मिस वॉटसन हिला तो जिमचा ठावठिकाणा लिहितो, आणि पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. पण पत्र बाजूला ठेवल्यावर जिमसोबत तराफ्यावर काढलेल्या रात्री आठवू लागतात. हकची झोप मोडू नये म्हणून जिम आपला पहारा संपला तरी त्याला उठवायचा नाही, त्याच्या वाट्याचा पहाराही स्वतःच करायचा. नरकात जायचं तर जाऊ, असं ठरवून हक पत्र फाडतो.

‘त्याने धर्म झुगारला,’ असं मुलं चटकन म्हणतात. शिक्षकाने त्यांना इथेच थांबवावं. नरक खरा आहे आणि आपण पापी आहोत, हे हक पत्र फाडतानाही मानतो. तरी तो जिमला सोडत नाही. स्वातंत्र्याची एवढी मोठी किंमत मोजणारा मुलगा मला दुसऱ्या कुठल्या कादंबरीत भेटलेला नाही.

हकच्या मनात हे नरकाचं भय भरवलं कुणी? मिस वॉटसन राहते त्या घरी गुलामांना आत बोलावून प्रार्थना होते, आणि आठशे डॉलर मिळतात म्हणून तीच जिमला न्यू ऑर्लिन्सला विकायला निघते. हे इतिहासाला धरूनच आहे. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं का, या वादातून १८४५ साली अमेरिकेच्या दक्षिणेतले बॅप्टिस्ट पंथीय वेगळे झाले. त्याच वर्षी गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र आलं. गुलामांच्या मालकांचा धर्म वेगळा आणि ख्रिस्ताचा वेगळा, असं त्याने पुरवणीत ठणकावून सांगितलं. ती पानं सोबत वाचायला द्यावीतच, नाहीतर धर्म म्हणजे निव्वळ बेडी असं समजून मुलं घरी जातील. मराठी वर्गात फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिकाही वाचावी. गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांनाच ते पुस्तक अर्पण केलेलं आहे.

वर्गात धर्मावर बोलावं का, ही शंका येईलच. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत शिक्षकाला धर्माचा प्रचार करता येत नाही. धर्माचा अभ्यास मात्र घेता येतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली स्पष्ट केलं. कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठीची शिवी शेकडो वेळा येते. ती वर्गात मोठ्याने वाचू नये, आणि का वाचत नाही तेही आधी सांगावं.

लेखी कामासाठी शेवटचा प्रसंग घ्यावा. जिमला विकायला निघाल्याची मिस वॉटसनला मरताना लाज वाटते, आणि मृत्युपत्रात ती त्याला मुक्त करते. ती लाज तिच्या धर्मातून आली की त्याला डावलून, हे ट्वेन सांगत नाही. मुलांनी पुस्तकातले पुरावे देऊन आपापली बाजू मांडावी.