मरिनावरचे चार अनाम श्रमिक

चेन्नईच्या मरिना किनाऱ्यालगत जाणाऱ्या कामराजर सालई या रस्त्यावर पुतळ्यांची रांगच आहे. तमिळ कवी तिरुवळ्ळुवर, अव्वैयार, भारतियार असे बरेच पुतळे १९६८च्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने उभे राहिले. त्याआधीच, २५ जानेवारी १९५९ रोजी, किनाऱ्याच्या उत्तर भागात ‘श्रमाचा विजय’ हे शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरींचे कांस्यशिल्प आले. कमरेला फडके गुंडाळलेले चार मजूर एक अजस्र शिळा हलवू पाहत आहेत. त्यांना नावे नाहीत, आणि हेच या शिल्पाचे खरे बळ आहे. नाव आले की हक्कदार येतात आणि विरोधकही. परिषदेच्या वेळी बसवलेला तमिळ महाकाव्याची नायिका कण्णगीचा पुतळा डिसेंबर २००१ मध्ये हटवला गेला आणि सरकार बदलल्यावर २००६ मध्ये परतला. त्याच वर्षी उभारलेला अभिनेते शिवाजी गणेशन यांचा पुतळा वाहतुकीला अडथळा ठरतो म्हणून २०१७ मध्ये हलवावा लागला. या चौघांवर मात्र कोणत्याही पक्षाला आपली मोहोर उमटवता आलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, निनावी श्रमिक सरकारला सोयीचाच असतो. तो पगार मागत नाही की संप करत नाही. शिवाय ही पिळदार शरीरे म्हणजे कष्टांचे उदात्तीकरण झाले. आक्षेपात तथ्य आहे. बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बायका या शिल्पात नाहीत, ही उणीवही मान्य करावी लागेल. पण नाव विजयाचे असले, तरी रायचौधुरींनी विजयाचा क्षण घडवलेलाच नाही. ताणलेल्या पाठी आणि रोवलेले पाय सांगतात की शिळेशी झुंज अजून चालूच आहे. उदात्तीकरण करायचे असते, तर शिळा बाजूला सारून हात उंचावलेले वीर दाखवता आले असते. जागेचा संदर्भही आहे: याच शहराच्या समुद्रकिनारी १ मे १९२३ रोजी कामगार नेते सिंगारवेलर यांनी भारतातला पहिला मानला जाणारा कामगार दिन साजरा केला होता. म्हणून इथला श्रमिक निव्वळ शोभेचा ठरत नाही. त्याच्यामागे संघटित मागण्यांचा इतिहास आहे. थोरांचे पुतळे कृतज्ञता मागतात. हे शिल्प मात्र या शहराच्या इमारती, बंदर आणि रस्ते कोणाच्या पाठीवर उभे राहिले, याचा हिशेब मागते.