खानदेशचा नाईक: निवाडा आणि वैर

भुसावळच्या उत्तरेला तापी ओलांडून यावल-रावेरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की सातपुड्याची चढण सुरू होते. दक्षिणेला अजिंठ्याकडची सातमाळा रांग, पश्चिमेला अक्राणीचा डोंगराळ मुलूख आणि त्याला लागून डांगचे जंगल असल्यामुळे खानदेशची काळी सपाट जमीन तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेली आहे. या भूरचनेमुळे येथे दीर्घकाळ दोन प्रकारच्या सत्ता शेजारी-शेजारी नांदल्या. सपाटीवर सुभेदार, देशमुख, पाटील व कुळकर्णी यांची वहीखात्यांवर चालणारी सत्ता होती, तर डोंगरात आणि डोंगराच्या पायथ्याला भिल्लांच्या नाईकांचा शब्द चालत असे. मुघल, निजाम, पेशवे व होळकर या सर्वांनी खानदेशवर हक्क सांगितला. परंतु घाटातून बैलांचा तांडा सुखरूप उतरेल की नाही, हे बहुतेक वेळा त्या घाटाचा नाईकच ठरवत असे.

नाईक म्हणजे भिल्लांच्या एका कुळाचा किंवा परस्परांशी सोयरिकीने बांधलेल्या काही कुळांचा प्रमुख. हे पद साधारणपणे बापाकडून मुलाकडे जात असले, तरी केवळ जन्माने ते टिकत नसे, कारण नाईकाजवळ ना पगारी फौज होती, ना तुरुंग, ना आज्ञा अंमलात आणणारे नोकर. भाऊबंद त्याच्यामागे उभे राहत, तेवढीच त्याची ताकद होती आणि ते उभे राहावेत यासाठी त्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. आपल्या माणसाच्या वाट्याला गेलेल्याला तो धडा शिकवू शकतो ही एक, आणि वैर किती ताणायचे व कोठे थांबवायचे याची त्याला जाण आहे ही दुसरी. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत पहिल्या गुणाची वर्णने भरपूर सापडतात, दुसऱ्याची क्वचित; कारण ते कागद लिहिणाऱ्यांचा नाईकांशी संबंध प्रामुख्याने लुटीच्या तक्रारींच्या निमित्ताने येत होता.

सपाटीवरील गावांशी नाईकाचे नाते राखणदाराचे होते. गावोगावचे जागले, म्हणजे रात्रीचा पहारा करणारे वतनदार, पुष्कळदा भिल्ल असत. चोरी झाली तर पावलांचा माग काढत ते निघत. माग ज्या गावाच्या शिवेत शिरे त्या गावच्या जागल्याने तो पुढे न्यावा किंवा भरपाई द्यावी, असा रिवाज होता. घाटवाटा राखणाऱ्या नाईकांना तांड्यांकडून जकातीसारखी ठरावीक रक्कम मिळे, आणि डोंगराच्या कडेच्या गावांकडून धान्य, रोकड किंवा कापडाच्या रूपात जो वार्षिक हक्क येई त्याला गिरास म्हणत. गिरास देणाऱ्या गावकऱ्याला तो खंडणीसारखा वाटे आणि घेणाऱ्या नाईकाला तो आपल्या जमिनीवरच्या जुन्या धनीपणाची खूण वाटे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. गाव हक्क द्यायचे थांबले की नाईकाची माणसे रात्री उतरत, गुरे वळवून नेत, कडब्याच्या गंजी पेटवत, आणि मग मध्यस्थ पाठवून बोलणी होत. ही धाड बहुधा अडलेल्या वसुलीचा शेवटचा उपाय असे. पण ज्या कुणब्याची वर्षाची वैरण जळून गेली त्याच्या दृष्टीने हा फरक निरर्थक होता, हेही विसरता येत नाही.

कुळाच्या आतले आणि कुळाकुळांमधले तंटे सोडवण्याची जी रीत सातपुड्यातील भिल्लांमध्ये रूढ होती, व काही प्रमाणात आजही आहे, तिला भांजगड म्हणतात. मारहाण, पळवून नेलेली किंवा स्वतःहून निघून गेलेली मुलगी, देज (वराकडून वधूच्या बापाला द्यावयाची रक्कम), गुरांची चोरी, क्वचित खूनही अशा प्रकरणांत दोन्ही पक्ष समोरासमोर न बसता थोड्या अंतरावर वेगवेगळे बसतात, आणि जाणती माणसे या गटाकडून त्या गटाकडे निरोप व आकडे घेऊन ये-जा करतात. पहिली मागणी मुद्दाम अवाच्या सवा असते, पहिले उत्तर मुद्दाम तुटपुंजे असते, आणि या लांबलेल्या घासाघिशीतच संतापाचा निचरा होतो. शेवटी ठरलेली भरपाई पैशांत किंवा जनावरांत दिली जाते आणि दोन्ही बाजूंनी एकत्र मोहाची दारू घेतली की प्रकरण मिटले असे मानतात. या रीतीत दोष कोणाचा यापेक्षा उद्या याच दोन घरांना एकाच रानात गुरे चारायची आहेत याचा विचार अधिक असतो. खुनाची भरपाई केवळ मारणाऱ्याने नव्हे तर त्याच्या भावकीने मिळून भरायची असल्याने आपल्यातल्या तापट माणसाला आवरणे हे सगळ्या भावकीच्या हिताचे ठरते. दक्षिण राजस्थानच्या भिल्लांमध्ये हीच पद्धत मौताणा या नावाने ओळखली जाते, आणि भरपाई मिळेपर्यंत मृताच्या नातलगांनी आरोपीच्या गावावर चालून जाण्याला तेथे चढोतरा म्हणतात.

निवाडा आणि धाड या दोन्हींची सूत्रे एकाच माणसाच्या हाती का असत, हे येथे स्पष्ट होते. ज्याच्या शब्दावर धनुष्ये उचलली जातात त्याच्याच शब्दावर ती खाली ठेवली जातात. ज्या मध्यस्थामागे कोणीच उभे नाही त्याचा निवाडा मानण्याचे कारण उरत नाही आणि ज्या नाईकाला मिटवता येत नाही त्याच्यामागे भाऊबंद फार काळ राहत नाहीत.

या व्यवस्थेशी विलक्षण जुळणारे चित्र आफ्रिकेच्या पूर्व टोकाला, सोमाली पशुपालकांमध्ये दिसते. तेथे कुळांचे प्रमुख सुलतान, गराद किंवा उगास या उपाध्यांनी ओळखले जातात, आणि कुळांमधील अलिखित करारांच्या कायद्याला ‘हेर’ म्हणतात. खुनाची भरपाई, अरबी शब्दाने दिया, परंपरेने पुरुषासाठी १०० उंट आणि स्त्रीसाठी ५० उंट अशी मोजली जाते व ती संपूर्ण भावकीने भरायची असते. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, एकत्र दिया देणारा-घेणारा गट हाच सोमाली राजकारणाचा खरा घटक असल्याचे दाखवले. सोमाली किनाऱ्यावरील ब्रिटिश संरक्षित प्रदेशाचा कारभार १८९८ पर्यंत एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच पाहत असे आणि एडन त्या काळी मुंबई इलाख्याला जोडलेले होते. तेथेही कुळप्रमुखांना सरकारी तनखा देऊन ‘अकिल’ नेमण्याची पद्धत पडली. म्हणजे ज्या मुंबई सरकारने धुळ्यात नाईकांना वर्षासने बांधून दिली, त्याच्याच छत्राखालून सोमाली वडीलधाऱ्यांशीही व्यवहार होत होता.

खानदेशात ही घडी मोडायला मात्र इंग्रजांच्या आधीच सुरुवात झाली होती. १८०२ पासून होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि पाठोपाठ आलेला १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी गावे ओस पडली. जेथे गावच नाही तेथे जागल्याचा हक्क किंवा गिरास द्यायला कोणी उरले नाही, आणि राखणदारच लुटारू झाले. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यावर केलेला उपाय कपटाचा होता. १८०४ मध्ये बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे तहाच्या निमित्ताने भिल्लांना बोलावून घेतले आणि त्यांतील अनेकांना विहिरींत टाकून मारले. ज्या समाजात बोलणीला बसलेल्या माणसावर हात टाकणे हा सर्वांत मोठा अपराध, त्या समाजाच्या स्मरणातून हे जाणे शक्य नव्हते; पुढे कोणत्याही सरकारी बोलावण्याकडे नाईक संशयाने पाहत राहिले यात नवल नाही.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्यापुढे डोंगरातील नाईकांचा प्रश्न उभा राहिला. घाट अडवणे, रसद तोडणे, पकडलेल्यांना फाशी देणे, शरण येणाऱ्यांना माफी व वर्षासन देणे हे सगळे उपाय सात वर्षे आलटून-पालटून झाले. एक नाईक शरण आला की दुसरा उठे. १८२५ मध्ये धोरण बदलले. प्रदेशाचे तीन विभाग करून प्रत्येकावर एक भिल्ल एजंट नेमण्यात आला, कन्नडच्या बाजूला भिल्लांच्या शेतीवसाहतींसाठी बैल-बियाण्यांची तगाई देण्यात आली, आणि लेफ्टनंट जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम सोपवले गेले. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. औट्रमने पहारा न ठेवता भिल्लांमध्ये राहून, त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी करून त्यांचा विश्वास मिळवला, असे त्याचे चरित्रकार कौतुकाने सांगतात, आणि ते खोटे नाही. पण त्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. पलटणीतील जवानाला पगार, पोशाख आणि निवृत्तिवेतन सरकारकडून मिळू लागले, तेव्हा त्याचे धनुष्य नाईकाच्या शब्दाखालून निघून गेले. नाईकाकडे गादी राहिली, तनखा राहिला, पण मागे उभे राहणारे हात सरकारकडे गेले.

याचा परिणाम कोणत्या टोकाला जाऊ शकतो ते खाज्या नाईकाच्या आयुष्यात दिसते. शिरपूरहून सेंधव्याकडे जाणाऱ्या आग्रा रस्त्यावरील घाट राखण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि त्यासाठी त्याला सरकारी वेतन मिळत असे. चोरीच्या संशयावरून पकडलेला एक माणूस त्याच्या हातून मारहाणीत मेला. जुन्या रिवाजात हे प्रकरण भरपाईने मिटले असते; कंपनीच्या न्यायालयाने खाज्याला दीर्घ कारावासाची शिक्षा दिली. शिक्षा पुरी होण्याआधी त्याची सुटका झाली आणि १८५७ च्या धामधुमीत त्याला पुन्हा कामावरही घेण्यात आले, परंतु थोड्याच काळात तो उठावाला जाऊन मिळाला. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्याच्या माणसांनी सेंधवा घाटात सुमारे ७ लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत सरकारी सैन्याने भिल्लांचा पराभव केला, पकडलेल्या अनेकांना गोळ्या घातल्या आणि स्त्रियांना मोठ्या संख्येने अटकेत ठेवले. या लढाईत सरकारच्या बाजूने खानदेश भिल्ल पलटणही होती. खाज्या १८६० मध्ये विश्वासघाताने मारला गेला. बडवानीकडचा त्याचा साथीदार भीमा नाईक १८६७ मध्ये पकडला जाऊन अंदमानला गेला व तेथेच मरण पावला.

डांगमध्ये हाच बदल अखेरीस समारंभपूर्वक झाला. गाढवी, वासुर्णा, पिंपरी, दहेर व लिंगा-आमळा येथील भिल्ल राजे आणि त्यांच्याखालचे नाईक आपापसांत वारंवार लढत व खानदेशच्या गावांकडून गिरास घेत. १८३० मध्ये औट्रमने तेथे मोहीम काढली. १८४० च्या दशकात सागाच्या जंगलाचे पट्टे सरकारला देण्यास हे राजे तयार झाले, आणि बदल्यात ठरावीक वार्षिक रक्कम दरबार भरवून देण्याची प्रथा पडली. डांगवर खानदेशच्या कलेक्टरची देखरेख असे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सुरतेकडे गेली. देशातील इतर संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये रद्द झाल्यानंतरही डांगच्या राजांना मिळणारे राजकीय वेतन चालू राहिले, आणि होळीच्या आधी आहवा येथे भरणाऱ्या डांग दरबारात ते आजही दिले जाते.

सातपुड्यात नाईकांची जागा हळूहळू वेगळ्या प्रकारच्या माणसांनी घेतली. १८७० मध्ये भुसावळमार्गे जबलपूरचा लोहमार्ग पूर्ण झाला, पुढे खंडव्याहून इंदूरकडेही गाडी धावू लागली, आणि माल रुळांवरून जाऊ लागल्यावर घाट राखण्याच्या हक्काला पूर्वीचे मोल उरले नाही. निमाड व खानदेशच्या सीमेवर वावरणारा तंट्या भिल्ल कोणत्याही गादीचा वारस नव्हता. तरीही लोक त्याला मामा म्हणत, त्याच्याकडे गाऱ्हाणी नेत, आणि ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी दिल्यानंतरही त्याची कीर्ती ओसरली नाही. १९३० च्या दशकात तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी दारू सोडण्याचा उपदेश करत हजारो भिल्लांना एकत्र केले, तर १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा परिसरात अंबरसिंग महाराजांनी जमीन आणि मजुरीच्या प्रश्नावर आदिवासींची संघटना बांधली. या तिघांचीही ताकद नाईकाप्रमाणेच लोक त्यांच्यामागे उभे राहण्यात होती, मात्र ती एका कुळापुरती मर्यादित नव्हती.

भांजगडीचे पुढे काय, हा प्रश्न आज दोन कायद्यांच्या मध्ये उभा आहे. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीचा केंद्रीय कायदा, ग्रामसभेला परंपरेने तंटे सोडवण्याचा अधिकार मान्य करतो, आणि भुसावळजवळच्या यावल, रावेर व चोपडा या तालुक्यांतील काही गावे अशा क्षेत्रात मोडतात. दुसरीकडे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा, निवाडा न मानणाऱ्याला वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतींना गुन्हेगार ठरवतो. सोमालीलँडने १९९३ च्या बोरामा परिषदेनंतर कुळांच्या वडीलधाऱ्यांचे ‘गुर्ती’ हे सभागृह संसदेचेच वरिष्ठ सभागृह बनवून निराळा मार्ग धरला. तेथे आणि येथे दोन्हीकडे अडचण मात्र एकाच ठिकाणी येते. स्त्रीच्या बाबतीतली भरपाई तिच्या बापाला, भावाला किंवा नवऱ्याला मिळते आणि बोलणीच्या बैठकीत तिला स्वतःला जागा नसते. त्यामुळे सातपुड्यात पंचांनी मिटवलेली अशी काही प्रकरणे नंतर पोलीस ठाण्यात पुन्हा उघडली जातात, आणि तेथे फिर्याद घेऊन येणारी व्यक्ती बहुधा ती स्त्रीच असते.