स्तन ओघळले? शस्त्रक्रियेआधी हे समजून घ्या

बाळंतपण, वजनातला चढउतार आणि वय यांमुळे स्तन ओघळतात. हा आजार नाही, त्यात लाजण्यासारखेही काही नाही. तेल, मलम, मालिश यांनी ते वर येत नाहीत. त्यावर पैसे घालवू नका.

शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन जादा कातडी काढतात आणि स्तनाग्र वर घेतात. साधारण २ ते ३ तास लागतात. व्रण फिके होतात, पण जात नाहीत. स्तनाग्राची जाणीव कमी होऊ शकते, अंगावर पाजणेही अवघड होऊ शकते. आणखी मूल हवे असेल तर थांबा.

मिश्री, तंबाखू काही आठवडे आधीच बंद करा. त्यांनी जखम भरायला उशीर होतो. नंतर ४ ते ६ आठवडे पाण्याचा हंडा उचलणे, मूल कडेवर घेणे बंद. ही कामे घरात कोण करणार, हे आधी ठरवा. बुडणारी मजुरीही हिशेबात धरा, कारण हा खर्च सहसा विम्यात बसत नाही. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का, ते विचारा.

स्तनात गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आले किंवा कातडी आत ओढली गेली, तर मात्र आधी सरकारी दवाखान्यात जा. ती तपासणी उद्यावर टाकू नका.